भात की भाकरी? सीमाभागातल्या मध्ययुगीन हाडांतून जेवण कसं वाचायचं

खानापूरकडच्या आमच्या गोठ्यात म्हशीपुढे भाताचं पिंजर पडायचं आणि अथणीकडच्या आजोळी कडबा. दोन्ही घरच्या दुधाचा चहा सारखाच लागायचा. त्या दोन दुधांतला कार्बन मात्र वेगळा असतो, आणि तो फरक दूध पिणाऱ्याच्या हाडात शेकडो वर्षं टिकू शकतो, हे मला पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखी या अभ्यासाला सोयीची जागा शोधून सापडायची नाही. पश्चिमेला खानापूरचा पावसाळी, जांभ्या मातीचा भातपट्टा. पूर्वेला अथणी, रायबाग, सौंदत्तीकडची काळी जमीन, शाळू आणि कडबा. मधलं अंतर बसने अर्ध्या दिवसाचं. घाट उतरला की गोव्याची मासळी. हाडांच्या रसायनातून जे फरक सगळ्यात स्पष्ट दिसतात, नेमके तेच इथे शेजारी शेजारी नांदतात.

हा लेख इतिहास, पुरातत्त्व किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि गावोगावच्या इतिहासप्रेमी मंडळींसाठी आहे. प्रयोगशाळेतलं काम तज्ज्ञच करणार. पण प्रश्न ठरवणं, गावाची माती आणि चारा समजून घेणं, तुलनेचे नमुने गोळा करणं ही कामं इथल्या माणसाशिवाय नीट होत नाहीत.

हाडात जेवण उतरतं कसं

भात, गहू, तूर, हरभरा, हुलगा, नारळ ही सगळी झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड एका पद्धतीने बांधतात. जोंधळा, बाजरी, नाचणी, राळं, वरी, सावा, ऊस आणि मका दुसऱ्या पद्धतीने. शास्त्रात पहिल्या गटाला सी-३ आणि दुसऱ्याला सी-४ म्हणतात. हवेत दोन टिकाऊ कार्बन असतात, हलका कार्बन-१२ आणि थोडा जड कार्बन-१३. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड रूपांना समस्थानिक म्हणतात. सी-३ झाडं जड कार्बन जास्त नाकारतात. हे प्रमाण एका आंतरराष्ट्रीय प्रमाण-पदार्थाशी ताडून प्रतिहजारात मांडतात; उणे म्हणजे जड कार्बन त्या पदार्थापेक्षा तेवढा कमी. आजच्या सी-३ झाडांचं मूल्य उणे २६-२७च्या आसपास येतं, सी-४चं उणे १२-१३च्या आसपास. दोन्ही गटांत इतकी मोठी फट असल्यामुळेच ही पद्धत चालते. १९७७ साली फोगेल आणि व्हॅन डर मर्व्ह यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या सांगाड्यांवरून तिथे मका खाणं कधी रुजलं हे याच फटीच्या आधाराने दाखवलं.

दुसरा साक्षीदार नायट्रोजन. खाणारा ज्याला खातो त्याच्यापेक्षा खाणाऱ्याच्या शरीरात जड नायट्रोजन-१५ साधारण ३ ते ५ प्रतिहजार जास्त साठतो. गवतापेक्षा बकरीत जास्त, बकरीपेक्षा तिचं मांस खाणाऱ्यात आणखी जास्त. समुद्रात अन्नसाखळी लांब असते, म्हणून मासे खाणाऱ्याचा आकडा बराच वर जातो. डाळींची झाडं हवेतूनच नायट्रोजन घेतात, त्यामुळे त्यांचा आकडा शून्याच्या आसपास राहतो.

हाडाचे दोन भाग आपल्याला उपयोगी पडतात. एक कोलॅजेन हे प्रथिन. ताज्या, कोरड्या हाडाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा. ते मुख्यतः जेवणातल्या प्रथिनांतून घडतं. दुसरा खनिज भाग, ज्यातला कार्बोनेट पिठूळ, गोड, तेलकट असं सगळं जेवण नोंदवतो. गूळ खाणाऱ्याचा गूळ कोलॅजेनमध्ये जवळपास दिसत नाही, खनिजात दिसतो. हा फरक लक्षात ठेवा, आकडे वाचताना पुन्हा लागणार आहे.

आधी प्रश्न, मग हाड

‘मध्ययुगात लोक काय खात होते’ हा प्रश्न फार मोठा आहे. तो आपल्या मातीत उतरवा. रट्ट राजघराण्याने सौंदत्तीहून राजधानी वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला आणली. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ साली त्यांचा मंत्री बिचिराज याने बांधली. जोंधळ्याच्या मुलखातून आलेल्या सत्तेच्या नगरात ताटात काय होतं? हलशीला गोव्याच्या कदंबांची सत्ता होती, म्हणजे किनारा आणि घाटमाथा एकाच राज्यात. मग सुकी मासळी घाट चढून नेमाने येत होती का? १४७२ साली बहमनी वजीर महमूद गवानाने बेळगाव घेतलं, त्यानंतर बाहेरून आलेल्या कुटुंबांचा आहार शेजाऱ्यांपेक्षा किती पिढ्या वेगळा राहिला? असे प्रश्न हाडांना विचारता येतात. शिलालेखांत दान, जकात, जमिनीच्या सीमा सापडतात. कुळवाड्याच्या घरची आमटी सापडत नाही. मला या पद्धतीचं मोल वाटतं ते एवढ्यासाठीच.

एक पथ्य पाळा. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मिरची, मका, शेंगदाणा, बटाटा ही पिकं त्यानंतरच्या काळात इकडे आली. त्याआधीच्या हाडात सी-४ची खूण दिसली तर मक्याची शंका घ्यायला नको. म्हणून हाडाचा काळ पक्का हवा. त्याच कोलॅजेनचा एक भाग कार्बन-१४ कालमापनाला द्यावा. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये ही सोय आहे.

हाड दिसलं तर हात लावू नका

विहीर, घराचा पाया किंवा पाण्याची पाइपलाइन खणताना हाडं लागतात. पहिलं काम, खोदाई थांबवणं. दुसरं, पोलीस आणि तहसीलदार कार्यालयाला कळवणं, कारण हाड जुनं आहे की अलीकडचं हे डोळ्यांनी ठरत नाही. तलाठी किंवा पंचायतीचे विकास अधिकारी (पीडीओ) यांच्यामार्फत कळवलंत तरी चालेल. जुनं ठरलं तर पुढची जबाबदारी पुरातत्त्व खात्याची. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं धारवाड मंडळ आपल्याला जवळ आहे आणि कर्नाटक राज्याचं पुरातत्त्व खातंही आहे. १९५८चा केंद्राचा आणि १९६१चा राज्याचा असे दोन कायदे लागू होतात. परवानगीशिवाय उत्खनन करायचं नाही. वापरातल्या किंवा कोणाच्याही श्रद्धेच्या दफनभूमीत शिरून नमुने काढणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी ते करू नका असंच म्हटलं असतं.

खात्याची माणसं येईपर्यंत हाडांवर हळद-कुंकू, दूध किंवा तेल पडू देऊ नका. लोक श्रद्धेने वाहतात, त्यांना हात जोडून समजावून सांगा. दूध आणि तेल सच्छिद्र हाडात मुरतात आणि त्यांचा कार्बन मोजणीत येऊ शकतो.

कोणाची हाडं मिळतात, कोणाची नाहीत

ही गोष्ट अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवी. आपल्याकडे बहुसंख्य घरांत दहन होतं, आणि दहनात कोलॅजेन जळून जातं. हाडं उरतात ती दफन करणाऱ्यांची: लिंगायत समाज, जो मृताला बसवून पुरतो, मुसलमान, संन्यासी, आणि अनेक समाजांत लहान मुलं. म्हणजे दहा कबरींतून ‘बेळगावकर काय खात होते’ असं म्हणता येणार नाही. ‘या दफनभूमीत पुरलेली ही माणसं काय खात होती’ एवढंच म्हणता येतं. पुरेपूर जळून पांढऱ्या झालेल्या हाडातून आहार मिळत नाही, पण खडकातून अन्नपाण्यावाटे हाडात येणारं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य टिकतं आणि माणूस कुठल्या खडकाच्या मुलखात जगला याचा माग लागू शकतो.

मातीची परीक्षा

प्रयोगशाळेचा खर्च करण्याआधी माती तपासा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पीएच काढून मिळतो. खानापूरची जांभी माती आम्लधर्मी, पाऊस प्रचंड. तिथे हाडातलं खनिज विरघळतं आणि उघडं पडलेलं कोलॅजेन सूक्ष्मजीव खातात. पूर्वेची काळी माती अल्कधर्मी, त्यामुळे खनिज तगतं, पण ती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि हाडाचे तुकडे करते. शिवाय आपल्याकडची उष्णता कोलॅजेनला दोन्हीकडे मारक. म्हणून थंड देशांतल्या अभ्यासांची अपेक्षा इथे ठेवू नका. निम्मे नमुने वाया जातील असं धरूनच आखणी करा.

तरी निराश व्हायचं कारण नाही. जुन्या गोव्याच्या संत ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत सापडलेल्या हाडांतून डीएनए मिळाला आणि ते अवशेष १६२४ साली मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवनचे असावेत असा निष्कर्ष हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अभ्यासकांनी काढला. कोकणच्या दमट हवेत हे घडलं. दगडी आडोसा, कोरडा कोपरा, खोल दफन यांनी फार फरक पडतो. आणि हाड गेलं तरी दाताचं इनॅमल बहुधा शाबूत असतं.

स्वस्त चाचणी आधी करून घ्या. हाडाची चिमूटभर पूड घेऊन तिच्यातला एकूण नायट्रोजन मोजतात. ताज्या हाडात तो ४ टक्क्यांच्या आसपास असतो. पाऊण टक्क्याच्या खाली गेला असेल तर कोलॅजेन मिळण्याची आशा कमी, सरळ दाताकडे वळा.

गोठा, खत आणि शिवार: तुलनेची पायरी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि स्थानिक माणसाची खरी गरजही इथेच आहे.

माणसाच्या हाडाचा आकडा एकटा काही सांगत नाही. त्याच थरातली गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी, हरीण यांची हाडं शेजारी ठेवून मोजली की माणसाचा आकडा बोलू लागतो. उत्खननात जनावरांची हाडं टाकून देऊ नका, हे परोपरीने सांगावंसं वाटतं.

आता सुरुवातीच्या गोठ्याकडे या. कडबा खाणाऱ्या म्हशीच्या दुधात जोंधळ्याचा कार्बन उतरतो. पण खानापूरच्या रानात चरणाऱ्या गाईचं काय? आपल्या माळावरची बरीचशी गवतं सी-४ गटातलीच आहेत. म्हणजे आयुष्यभर भात खाल्लेल्या पण ताक-दही भरपूर असलेल्या माणसाच्या हाडातही ‘जोंधळ्याची’ खूण दिसू शकते. गुरांची हाडं मोजल्याशिवाय हे कोडं सुटत नाही.

खताचंही तसंच. सुगीनंतर धनगरांची मेंढरं रानात बसवायची आपली रीत आहे. लेंडीखताने पिकातला नायट्रोजन-१५ वाढतो, कधी कधी एका अन्नपायरीएवढा. अशा शेतातला जोंधळा खाणारा शाकाहारी माणूस कागदावर मांसाहारी भासू शकतो. कोरड्या हवेतही झाडांचा नायट्रोजनचा आकडा वाढतो. अथणीकडचे आकडे खानापूरपेक्षा वर आले म्हणून अथणीकर जास्त मांस खात होते असं लिहू नका. उलट पाणी साठलेल्या भातखाचरातही तो आकडा चढू शकतो. म्हणून दोन्ही टोकांच्या पिकांचे आणि प्राण्यांचे वेगवेगळे आधार-आकडे हवेत.

आजची पिकं घेणार असाल तर रासायनिक खत न घातलेल्या रानातली घ्या. भात, शाळू, नाचणी, राळं, तूर, हुलगा, कडबा, पिंजर, माळाचं गवत यांचे प्रत्येकी चार-पाच ठिकाणचे नमुने सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा आणि गाव, मातीचा प्रकार, पाऊसमान, तारीख लिहा. कोळसा-तेल जाळल्यामुळे आजच्या हवेतला कार्बन औद्योगिक काळाआधीच्या हवेपेक्षा सुमारे २ प्रतिहजार हलका झाला आहे, तेवढी दुरुस्ती करावी लागते. आजच्या माणसांचे केस मात्र आधार म्हणून घेऊ नका. साखर उसाची आणि ब्रॉयलर कोंबडी मक्यावर वाढलेली, दोन्ही सी-४.

नमुना काढताना

आधी फोटो, मोजमाप, वय-लिंगाचा अंदाज, मगच काप. साधारण अर्धा ते एक ग्रॅम घट्ट हाड पुरतं. बरगडीचा तुकडा घेतला तर सांगाड्याच्या बाकी अभ्यासाला कमी धक्का लागतो. बरगडी लवकर नव्याने घडत असल्याने ती शेवटची काही वर्षं सांगते. मांडीचं हाड दहा वर्षांहून अधिक काळाची सरासरी देतं, त्यात वाढत्या वयाचाही अंश असतो. दात बालपणीच घडतात आणि नंतर बदलत नाहीत. एकाच माणसाचा दात आणि बरगडी मिळाली तर बालपण आणि म्हातारपण शेजारी ठेवता येतं. माझं मत विचाराल तर चाळीस माणसांच्या एकेका तुकड्यापेक्षा पंधरा माणसांचे असे जोड-नमुने घ्या.

ओलं हाड प्लास्टिकमध्ये कोंडू नका, बुरशी येते. उन्हातही टाकू नका. सावलीत सुकवा, कागदात गुंडाळा, चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. आणि गोंद, फेविकॉल, वार्निश यांपैकी काहीही लावू नका. माझ्या पहिल्या प्रकल्पात आम्ही भेगाळलेली एक मांडी फेविकॉलने सांधली, पुढे त्याच सांध्याजवळून नमुना काढला गेला. कार्बन भरमसाट, नायट्रोजन तेवढाच. निकाल टाकून द्यावा लागला. त्या माणसाचं दुसरं हाड उरलं नव्हतं. ती हळहळ आजही आहे.

प्रयोगशाळेत काय होतं

पुण्याचं डेक्कन कॉलेज, लखनौची बिरबल साहनी संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा अशा संस्थांत हाडांचा किंवा समस्थानिकांचा अनुभव आहे. नमुने पाठवण्याआधी मार्गदर्शकामार्फत बोलून घ्या. प्रक्रिया थोडक्यात अशी.

हाडाचा वरचा थर घासून काढतात. तुकडा अर्धा मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, ४ अंश सेल्सियसला काही दिवस ठेवतात. खनिज विरघळून मऊ, अर्धपारदर्शक कोलॅजेन उरतं. मातीतली काळपट सेंद्रिय द्रव्यं असतील तर सौम्य अल्कलीने धुतात. मग पीएच ३च्या पाण्यात ७०-७५ अंशांवर सुमारे दोन दिवस ठेवून जिलेटिन करतात, गाळतात आणि गोठवून वाळवतात. हाती कापसासारखा पांढरा पुंजका येतो. त्यातला अर्धा-एक मिलिग्रॅम कथलाच्या इवल्या पुडीत बांधून जाळतात आणि निघालेले वायू वस्तुमान-वर्णपटमापीत मोजतात. प्रत्येक नमुना दोनदा मोजून घ्या.

इनॅमल असेल तर काही मिलिग्रॅम पूड पुरते. ती ब्लीच आणि सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाने स्वच्छ करून फॉस्फोरिक आम्लाशी अभिक्रिया घडवतात आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात.

निकाल आला की आधी तब्येत बघा. कोलॅजेन हाडाच्या वजनाच्या १ टक्क्याहून जास्त निघालं का? कार्बन-नायट्रोजनचं अणु-गुणोत्तर २.९ ते ३.६च्या दरम्यान आहे का? या पट्ट्याबाहेरचा नमुना कितीही हवाहवासा असला तरी बाजूला ठेवा.

आकडे वाचणं

जेवणापासून कोलॅजेनपर्यंत कार्बनचं मूल्य सुमारे ५ने वर सरकतं. जुन्या हवेतल्या भाताचं मूल्य उणे २५ आणि जोंधळ्याचं उणे ११ धरलं, तर निव्वळ सी-३वर जगलेल्याचं कोलॅजेन उणे २० आणि निव्वळ सी-४वाल्याचं उणे ६ येईल. मधली फट १४ची. आता उदाहरणादाखल कल्पून घेतलेला एक आकडा घ्या: उणे १३. तो बरोबर मध्यावर, म्हणजे प्रथिनांचा निम्मा कार्बन जोंधळ्याच्या बाजूचा.

इथे थांबून ताट आठवा. तुरीत जोंधळ्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात आणि तूर सी-३ आहे. रोज दोन वेळा भाकरी खाणाऱ्या माणसाने सोबत वाटीभर आमटी घेतली, तरी त्याचं कोलॅजेन भाताच्या बाजूला झुकतं. म्हणून उणे १३चा अर्थ ‘अर्धा भात, अर्धी भाकरी’ असा होत नाही. तो भाकरी आणि डाळीवर जगलेलाही असू शकतो. इनॅमल किंवा हाडाचं खनिज मोजलं की उलगडा होतो, कारण तिथे भाकरीचं पीठही मोजलं जातं. कोलॅजेन मधोमध आणि खनिज सी-४कडे, तर भाकरी-आमटी. दोन्ही मधोमध, तर बहुधा मिश्र धान्य. बरीच माहिती जमली की ‘फ्रूट्स’सारख्या संगणक-प्रणालीने शक्यतांचे पट्टे काढता येतात, पण त्यात घातलेले आधार-आकडे कच्चे असतील तर उत्तरही कच्चंच.

मासळी ओळखायची तर कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही वर चढलेले दिसायला हवेत. नुसता जोंधळा असेल तर कार्बन चढतो, नायट्रोजन फारसा नाही. संशय उरला तर गंधकाचे समस्थानिक मोजा, समुद्राची खूण त्यात वेगळी येते. मात्र जोंधळा, नाचणी आणि राळं यांत रसायन भेद करत नाही. त्यासाठी चुलीतली माती पाण्यात तरंगवून जळकी दाणे-बियाणं शोधा आणि दातांवरचं कीटण जपून ठेवा. त्यात पिष्टकण अडकलेले असतात.

लहान मुलांचे आकडे वेगळे मांडा. आईच्या दुधावर असलेल्या बाळाचा नायट्रोजन आईपेक्षा २ ते ३ प्रतिहजार वर असतो आणि वरचं अन्न वाढत गेलं की उतरतो. उष्टावण सहाव्या महिन्यात झालं तरी अंगावरचं दूध किती काळ चालू होतं, हे त्या उतारावरून कळतं.

दाताच्या मुळाचे एकेक मिलिमीटरचे काप घेतले तर वर्षावर्षाचा आहार दिसतो. आयर्लंडमध्ये १८४५नंतरच्या दुष्काळात मदत म्हणून अमेरिकन मका वाटला गेला. किल्केनीच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात मेलेल्या मुलांच्या दातांत त्या मक्याचा कार्बन नेमका त्या काळाच्या थरात सापडला. दख्खनमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीला दुर्गादेवीचा दुष्काळ पडल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्या काळातले दात कधी मिळाले, तर पहिल्यांदा हे काप घ्यावेत.

माणूस बाहेरून आला होता का, हे इनॅमलमधलं स्ट्रॉन्शियम सांगतं. आपला जिल्हा दख्खनच्या बेसाल्टच्या दक्षिण कडेवर आहे. पुढे गोकाककडे कलादगीचा वालुकाश्म आणि दक्षिणेला जुने नीस व शिस्ट खडक लागतात. स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर बेसाल्टमध्ये ०.७०५च्या आसपास, जुन्या खडकांचं ०.७१च्या बरंच वर. एका तालुक्यातून दुसऱ्यात गेलेली सासुरवाशीण यातून ओळखू येऊ शकते.

काय म्हणायचं नाही

दूध आणि मांस यांत या पद्धतीने भेद होत नाही. दोन्ही प्राण्यांपासून आलेली प्रथिनं, नायट्रोजनचा आकडा सारखाच. म्हणून अमुक समाज त्या काळी मांस खायचा किंवा खात नव्हता, असं नुसत्या या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. असा दावा कोणी केला तर त्याला म्हशीचं ताक विचारात घेतलं का, हे विचारा. ही माणसं मराठी होती की कन्नड, हेही हाडात नसतं. सीमाभागात राहून हे लिहिताना मला ते स्पष्ट लिहिणं गरजेचं वाटतं. पुरलेल्या माणसांना आजच्या भांडणात साक्षीला उभं करू नये.

काम संपल्यावर

उरलेलं कोलॅजेन टाकू नका, हवाबंद कुपीत नाव-क्रमांकासह संस्थेत ठेवा. पुढच्या अभ्यासकाला पुन्हा हाड कापावं लागणार नाही. वाया गेलेल्या नमुन्यांचीही यादी कारणासकट छापा. त्या जागेशी नातं सांगणारा समाज असेल तर काम सुरू होण्याआधी आणि निकालानंतर त्यांच्यापुढे बसा, अवशेष पुन्हा पुरायचे असतील तर विधी त्यांनाच ठरवू द्या. आणि दोन पानी गोषवारा मराठीत आणि कन्नडमध्ये करून ज्याच्या विहिरीत हाडं लागली त्याच्या घरी स्वतः नेऊन द्या.